वल्ह्याला कान

बोटीचं नाव ‘लगून क्वीन’.
मागच्या कठड्याला प्लास्टिकचा माड बांधलाय,
एक झावळी मांडव्याच्या वाऱ्यात गेली,
तिथे आता काळी चिकटपट्टी.

माझं काम दोर धरायचं.
दुसरं टोक पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला.
मालकाने बजावलंय : दिसेल का विचारलं तर ‘दिसेल’ म्हणायचं.
काय दिसेल, ते सांगायचं नाही.

आज विमा कंपनीची माणसं.
हिशेब खात्यातल्या टिपणीस बाई निवृत्त झाल्या म्हणून पार्टी.
केकवर क्रीमचा मासा,
त्याला पापण्या.
प्राँग्जचा दीपस्तंभ मागे टाकून नांगर सोडला
तशी पोरं धडाधड पडली पाण्यात,
फोन आधी पिशव्यांत बांधून, मग स्वतः.

बाई शेवटी आल्या.
पंजाबी ड्रेसवर नारिंगी जॅकेट,
चष्मा रुमालात गुंडाळून माझ्या हातात :
“सांभाळा हं, प्रोग्रेसिव्ह आहे.”
पोहता येतं?
“दादरच्या तलावात शिकले. एकोणऐंशी साली. एकच उन्हाळा.”
मग नळी हातात फिरवत,
“दिसेल का हो काही?”

नाही, म्हटलं.
तोंडातून गेलंच.
आमचं पाणी चहासारखं, बाई. अष्टमीचा भांग आहे म्हणून एवढं तरी,
एरवी स्वतःचं कोपर दिसत नाही.
बाप म्हणायचा, निळं पाणी म्हणजे उपाशी पाणी,
मासळीला गाळ लागतो.

“बरं,” म्हणाल्या, आणि शिडी उतरल्या,
एकेका पायरीला थांबत,
बँकेच्या पायऱ्या उतरावं तशा.

दोर सैल. ताठ. सैल.
वर कुणीतरी समोसे मागत होतं.
दहा-बारा मिनिटं झाली असतील.
मी दोर किंचित ओढला, त्यांनी परत ओढला,
म्हणजे ठीक.

वर आल्या तेव्हा डोळ्यांभोवती मास्कचा लाल गोल
आणि ओठ खारट, पांढरे.
“काही नाही दिसलं,” म्हणाल्या.
“पण खाली कुणीतरी सुपारी कातरतंय.
एकजण नाही हो. अख्खं लग्नघर बसलंय.”

माझ्या हातातला दोर तसाच राहिला.

आमचा बाप वल्हं पाण्यात सोडून
दांड्याला कान लावायचा.
इंजिन नव्हतं तेव्हाची गोष्ट.
घोळ कुठे आहे, ढोमी कुठे, किती वाव खोल,
डोळे मिटून सांगायचा.
“आयक,” म्हणायचा मला, “खाली बाजार भरलाय.”
मी आठ वर्षांचा.
मला फक्त माझंच रक्त ऐकू यायचं.
मी ‘हो’ म्हणायचो.

बोटीवर वल्हं आहे एक.
पिवळं, पोकळ, तपासणीला दाखवण्यापुरतं.
बाकाखालून काढलं, धूळ पुसली,
बाईंना म्हटलं, याला लावून बघा कान. पण गाणं वाजतंय,
गाण्याचंच ऐकू येईल.

तेवढ्यात जिग्नेशचा लॅपटॉप अडकला.

वरून आरडाओरडा, डीजे, डीजे,
कुणी शिट्टी मारली,
आणि बाई ओल्या केसांनी वाकलेल्या,
कान प्लास्टिकवर,
एक बोट वर : थांबा.
मी विचारलं नाही काय येतंय.
त्यांनी वल्हं माझ्याकडे सरकवलं.
मी वाकलो. थंड होतं. कानाला बसलं नाही तोवर
गाणं पुन्हा सुरू झालं, पहिल्यापासून.

परतताना कुलाब्याचे दिवे लागले.
उरलेला केक कुणीतरी डब्यात भरला,
माशाचा एकच डोळा आला त्यात.
गेटवेच्या धक्क्यावर बाईंनी चष्मा मागून घेतला,
पुसला, घातला, माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच.
“उद्यापासून सकाळी मला काही नसतं,” म्हणाल्या.
“लाकडाचं मिळेल का हो कुठे, वल्हं?”

आहे, म्हटलं. बापाचं. मच्छीमार नगरला, घरात.
बायको कपडे वाळत घालते त्यावर.